रेफर रजिस्टरचा शेवटचा रकाना : सार्वजनिक आरोग्य विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, सार्वजनिक आरोग्य विभागाचे सचिव व आयुक्त, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मातामृत्यू आढावा बैठकीला बसणारे सर्व अधिकारी,
महाराष्ट्र राज्य

विषय : बाळंतिणीला ‘रेफर’ करण्याच्या सध्याच्या पद्धतीबाबत

महोदय, महोदया,

नोकरीत असताना तुम्हाला काही लिहायचं तर ते ‘योग्य त्या मार्गाने सविनय सादर’ करावं लागायचं. तो योग्य मार्ग कोणत्या टेबलापाशी संपतो हे मला चांगलं ठाऊक आहे. आता निवृत्त झाले, म्हणून उघड लिहिते आहे. एकतीस वर्षं मी सरकारी परिचारिका होते, त्यातली बावीस लेबर रूममध्ये काढली. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण रुग्णालय, शेवटी उपजिल्हा रुग्णालय. जिल्ह्याचं नाव लिहीत नाही. जे सांगणार आहे ते एका जिल्ह्यापुरतं नाही, आणि माझ्या जागेवर आज जी मुलगी रात्रपाळी करते तिच्या हातात या पत्रामुळे नोटीस पडायला नको.

आधी चांगलं बोलते, कारण ते खरंच चांगलं आहे. मी नोकरीला लागले तेव्हा वाडी-वस्तीवर बाळंतपण घरीच व्हायचं, सुईणीच्या हातून. आमच्याकडे यायच्या त्या अडलेल्या, आणि त्याही बैलगाडीतून. आज राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) राज्यातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. २०१८–२० च्या आकडेवारीत देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या आणि महाराष्ट्रात ३३. केरळ सोडलं तर आपल्या पुढे कुणी नव्हतं. जननी सुरक्षा योजना, १०८, आशाताई, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. घरोघर फिरून, हातापाया पडून बायकांना दवाखान्यापर्यंत आणणाऱ्या एएनएमचा, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सबाईंचा, तर सर्वांत मोठा.

बाई दवाखान्याच्या दारापर्यंत आली. दारातून आत आल्यावर तिचं काय होतं, त्याबद्दल हे पत्र आहे.

एक रात्र सांगते. पावसाळ्यातली. एकवीस वर्षांची पहिलटकरीण, सातव्या महिन्यापासून माहेरी आलेली. कार्डावर हिमोग्लोबिन ८.२. रात्री एक वाजून दहा मिनिटांनी मोकळी झाली, मुलगी, दोन किलो आठशे ग्रॅम, लगेच रडली. दहा मिनिटांत वारही पूर्ण पडली. मी पोटावर हात ठेवला. बाळंतपणानंतर गर्भपिशवी नारळासारखी टणक लागली पाहिजे. तिची लागली मळलेल्या कणकेच्या गोळ्यासारखी. खाली पाहिलं तर धार लागलेली.

पुढचं सगळं आम्ही शिकवल्याप्रमाणे केलं. पिशवी चोळली, ऑक्सिटोसिन दिलं, मेथर्जिन दिलं, दोन विगो लावून सलाइन सोडलं. डॉक्टर नवे होते, पण जागेवर होते आणि घाबरले नाहीत. रक्त थोडं थांबलं, पुन्हा सुरू झालं. मग रेफर चिठ्ठी लिहिली गेली. ‘पुढील उपचारासाठी रेफर’, वेळ, सही, शिक्का. १०८ पंचवीस मिनिटांत आली, त्या पावसात ती वेळेत आली असंच मी म्हणेन. मी सोबत गेले. उपजिल्हा रुग्णालय बेचाळीस किलोमीटर. एक मूठ आत आणि दुसरा हात पोटावर दाबून पिशवी धरून ठेवायची असते. खड्ड्यांच्या रस्त्यावर धावत्या गाडीत, गुडघ्यांवर बसून, बेचाळीस किलोमीटर. तिची आई बाळाला पदरात गुंडाळून कोपऱ्यात बसली होती. तिने एकच प्रश्न तीनदा विचारला, “सिस्टर, तिथं सगळं हाय ना?” मी तीनदा हो म्हटलं.

तिथं भूलतज्ज्ञ रजेवर होते. तिच्या गटाचं रक्त नव्हतं. पोर्चमध्ये गाडी वीस मिनिटं उभी राहिली. पहिली चिठ्ठी तशीच, तिच्यावर दुसरी टाचली गेली. ‘जिल्ह्याला न्या.’ आणखी पासष्ट किलोमीटर.

ती वाचली. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी पहाटे पाच वाजता पिशवी काढली, पाच बाटल्या रक्त चढवलं, त्यातल्या दोन बाटल्या तिच्या बापाने आणि मामाने दिल्या. ती घरी गेली. आणि आमच्या रुग्णालयाच्या त्या महिन्याच्या अहवालात तिच्यापुढे आलं : प्रसूती एक, जिवंत जन्म एक, मातामृत्यू शून्य. एकविसाव्या वर्षी गर्भाशय गेलेली ती मुलगी तुमच्या एकाही रकान्यात नाही. त्या दोन चिठ्ठ्याही कुठल्याच अहवालात नाहीत.

बाळंतपणातल्या मरणामागे तीन उशीर असतात, असं १९९४ मध्ये थॅडियस आणि मेन या दोन संशोधकांनी मांडलं आणि आम्हाला प्रत्येक प्रशिक्षणात ते पाठ करायला लावलं. घरात निर्णय घ्यायला उशीर, वाहन मिळून पोचायला उशीर, आणि पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. पहिल्या दोघांवर आपण वीस वर्षं घाम गाळला. पण तिसऱ्याला आपण एक सोयीचं नाव देऊन टाकलं आहे, ते नाव ‘रेफर’. चिठ्ठी फाडली की पाठवणारा मोकळा. पुढचा म्हणतो, आली तेव्हाच सिरियस होती. दोघांचेही कागद पूर्ण असतात.

रक्तस्रावाला तर हे अजिबात परवडत नाही. दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त वाहत असतं. पंचेचाळीस किलोच्या आपल्याकडच्या बाईच्या अंगात सगळं मिळून तीन लिटरच्या आसपास रक्त. उपचार न मिळाल्यास रक्तस्राव सुरू झाल्यापासून मरणापर्यंत सरासरी दोन तास हातात असतात, असं पुस्तकं सांगतात. झटके आलेल्या बाईला तुलनेने जास्त वेळ मिळतो, जंतुसंसर्गाला दिवस लागतात. इथे दोन तास. आणि ज्या मुलीचं हिमोग्लोबिन आठ आहे तिला तेवढेही नाहीत. वर सांगितलेल्या कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे राज्यातल्या शंभरांतल्या पंचेचाळीसहून जास्त गरोदर बायकांचं रक्त कमी आहे, तेव्हा अशी मुलगी अपवाद म्हणून येत नाही, रोज येते.

आता मोजण्याबद्दल. रक्त किती गेलं हे आम्ही नजरेने ठरवतो. ‘दोन पॅड भिजले’, ‘खालची चादर भिजली’, ‘जरा जास्तच वाटतंय’. यात माझ्यासारख्या जुन्या सिस्टरचाही अंदाज चुकतो आणि चुकतो तो नेहमी कमीच्या बाजूला. बेळगावच्या वैद्यकीय महाविद्यालयात मिसोप्रोस्टॉल या रक्तस्राव रोखणाऱ्या गोळीच्या अभ्यासासाठी एक साधी गोष्ट तयार झाली होती. बाईच्या कमरेखाली अंथरायचं प्लॅस्टिक, खाली निमुळती पिशवी, तिच्यावर मिलिलिटरच्या खुणा. त्या पिशवीतलं माप आणि डोळ्यांनी केलेला अंदाज ताडून पाहिला तर अंदाज सुमारे एक तृतीयांश कमी निघाला. म्हणजे आपण तीनशे म्हणतो तेव्हा साडेचारशे गेलेलं असतं. अशीच मोजपिशवी घेऊन पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ऐंशी रुग्णालयांत मोठा अभ्यास झाला. २०२३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पिशवीने मोजायचं, आणि खूण ओलांडली की चोळणं, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, सलाइन, तपासणी हे सगळं एका दमात सुरू करायचं, एकाचा गुण येतो का बघत दुसऱ्यासाठी थांबायचं नाही. नेहमीच्या पद्धतीत रक्तस्राव झालेल्यांपैकी जेमतेम निम्म्या बायकांचा रक्तस्राव वेळेत ओळखला जात होता, या पद्धतीत शंभरांतल्या त्र्याण्णव जणींचा. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं आणि मृत्यू हे सगळं मिळून साठ टक्क्यांनी घटलं.

बेळगाव आपल्या दारात आहे. ती मोजपिशवी मी माझ्या नोकरीत दोनदा पाहिली, दोन्ही वेळा प्रशिक्षणात, पडद्यावर.

लेबर रूमचा दर्जा सुधारण्यासाठीच्या ‘लक्ष्य’ या सरकारी कार्यक्रमाच्या तपासणीसाठी मात्र आमची लेबर रूम दोनदा रंगवली गेली. भिंतीवर नवे तक्ते लागले, पडदे आले. पडद्यांबद्दल मी तक्रार करणार नाही. बाईला आडोसा मिळाला, आणि तो तिचा हक्कच होता. पण ज्या फ्रिजमध्ये ऑक्सिटोसिन राहतं त्याला इन्व्हर्टर द्या म्हणून केलेल्या तीन अर्जांच्या पोचपावत्या अजून माझ्या घरी आहेत. ऑक्सिटोसिन दोन ते आठ अंश तापमानात ठेवायचं औषध आहे. उन्हाळ्यात सहा-सहा तास वीज गेल्यावर आपण बाईच्या दंडात नेमकं काय टोचतो आहोत याची मला खात्री नसायची. उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिन नावाचं औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ पासून रक्तस्राव टाळण्यासाठी त्याची शिफारस केलेली आहे. ते घ्या, नाहीतर इन्व्हर्टर द्या. दोन्हींतलं स्वस्त काय पडतं ते तुमच्या खरेदी कक्षाने ठरवावं.

रक्ताचं दुखणं मोठं आहे. ‘फर्स्ट रेफरल युनिट’ अशी पाटी लावायची तर तिथे चोवीस तास सिझेरियन, नवजात बाळाची काळजी आणि रक्त साठवण या तिन्ही गोष्टी हव्यात, हा नियम तुमचाच आहे. मोठी रक्तपेढी प्रत्येक तालुक्याला शक्य नाही म्हणूनच तर साठवण केंद्राची सोय झाली. रक्त मोठ्या पेढीतून आणायचं, इथे शीतपेटीत ठेवायचं, गट जुळवून द्यायचं. मी काम केलेल्या ठिकाणी शीतपेटी आली होती. खोक्यातून बाहेर यायला तिला अकरा महिने लागले, कारण तंत्रज्ञाचं पद रिकामं. नंतर तो आला, पण त्याची ड्युटी सकाळी नऊ ते पाच. बाळंतपणं काय नऊ ते पाच होतात? जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून रक्त मोफत आहे. तरीही रात्री दोन वाजता सासरा मोटरसायकलवर गावात परत जातो आणि दारं ठोठावून ‘ओ पॉझिटिव्ह कोण हाय’ विचारतो.

भूलतज्ज्ञांचं सगळ्यांना माहीतच आहे, फार लिहीत नाही. एकच सांगते. स्त्रीरोगतज्ज्ञ एका रुग्णालयात आणि भूलतज्ज्ञ पन्नास किलोमीटरवरच्या दुसऱ्या, असं वाटप केलं की दोन्हीकडची थिएटरं बंद राहतात. पदं भरल्याचा आकडा मात्र दोनने वाढतो. दोघांना एकाच जागी द्या, एक रुग्णालय तरी पुरतं चालेल. एमबीबीएस डॉक्टरांना जीवरक्षक भूल शिकवण्याचा अठरा आठवड्यांचा अभ्यासक्रम केंद्राने सुरू केला होता. आमचे एक डॉक्टर तो करून आले आणि महिन्याभरात त्यांची बदली जिथे थिएटरच नाही अशा केंद्रात झाली. जाताना हसत म्हणाले, “सिस्टर, आता मी गावाला भूल देतो.”

मग मागणं काय? रेफर बंद करा असं मी म्हणत नाही. ग्रामीण रुग्णालयातून काही बायका पुढे पाठवाव्याच लागतील, आणि न पाठवता अंगावर काढणारा डॉक्टर जास्त धोक्याचा. मागणं एवढंच आहे की चिठ्ठी लिहिण्याआधी फोन व्हावा. पाठवणाऱ्या डॉक्टरने पुढच्या रुग्णालयातल्या ड्युटीवरच्या डॉक्टरशी स्वतः बोलायचं : भूलतज्ज्ञ आहे का, थिएटर मोकळं आहे का, या गटाचं रक्त आहे का. तिथे नसेल तर बाईला तिथे पाठवायचंच नाही, जिथे आहे तिथे थेट पाठवायचं. ज्याने ‘पाठवा’ म्हटलं त्याचं नाव आणि वेळ चिठ्ठीवर यायला हवी. आणि बाई पुढच्या टेबलावर पोचून तिथल्या डॉक्टरने हात लावल्याचा निरोप येईपर्यंत ती पाठवणाऱ्या रुग्णालयाचीच बाई राहील, असा लेखी आदेश काढा. जिल्ह्यात आज रात्री कुठे भूलतज्ज्ञ आहे आणि कुठे कोणत्या गटाच्या किती बाटल्या आहेत, हे रोज संध्याकाळी सहा वाजता एका कागदावर सगळ्या लेबर रूमना कळलं पाहिजे. याला नवीन ॲप नको. आमच्याकडे भरायला ॲप पुष्कळ आहेत. एका बाळंतपणाच्या नोंदी पाच ठिकाणी करताना सिस्टरचे हात बाळंतिणीच्या पोटावर असायच्या ऐवजी टॅबवर असतात.

त्या रात्री असा कागद आमच्याकडे असता तर आम्ही तिला सरळ जिल्ह्याला नेलं असतं. आतला रस्ता आहे, एकूण सत्तर किलोमीटर. आम्ही एकशे सात फिरलो.

दुसरं मागणं बैठकीचं. मातामृत्यू झाला की आढावा होतो, आणि तिथे पहिला प्रश्न असतो ‘जबाबदार कोण?’ खालचे सगळे त्या प्रश्नाला इतके घाबरतात की केसपेपर बैठकीच्या आदल्या रात्री पुन्हा लिहिले जातात. बीपीचे आकडे सुरेख एका रेषेत येतात. मीही लिहिले आहेत, कबूल करते. केरळमध्ये २००४ पासून प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने वेगळी रीत चालवली. बाईचं, डॉक्टरचं, रुग्णालयाचं नाव काढून टाकायचं आणि फक्त काय घडलं, कुठे वेळ गेला एवढंच तपासायचं. शिक्षेची भीती नसली की माणसं खरं बोलतात, आणि रक्तस्रावात नेमकं कुठे चुकतं हे तिथे त्यातूनच पुढे आलं. आपल्याकडे असं एका विभागात तरी करून पाहा.

आणि फक्त मेलेल्या मोजू नका. मरता मरता वाचलेल्या बायकांचा आढावा घ्यायच्या सूचना केंद्र सरकारने २०१४ मध्येच काढल्या. ज्यांची पिशवी काढावी लागली, ज्यांना झटके आले, ज्यांच्या किडन्या बंद पडल्या अशा सगळ्यांचा. मी होते तिथे तो फॉर्म भरलेला कधी पाहिला नाही. एका मृत्यूमागे अशा कितीतरी जणी असतात आणि त्या बोलू शकतात. कुठे किती वेळ थांबवलं ते त्यांना आणि त्यांच्या आयांना मिनिटामिनिटाने आठवतं.

जाता जाता आणखी दोन गोष्टी, या पत्राच्या विषयात अर्ध्याच बसणाऱ्या. पहिली, माहेरपण. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, हे आशाताईच्या रजिस्टरला अजून पचलेलं नाही. नाव सासरच्या गावात, बाई माहेरी. सासरची आशा म्हणते ती गेली, माहेरची म्हणते ती आमच्याकडे नोंदलेली नाही. मधल्या दोन महिन्यांत हिमोग्लोबिन पुन्हा कुणी पाहत नाही. त्या मुलीचं ८.२ सातव्या महिन्यातलं होतं, नवव्यात किती होतं ते आम्हाला कधीच कळलं नाही. ऊसतोडीला गेलेल्या बायकांचं तर सहा महिने नावच हरवतं.

दुसरी त्याच बायकांची. बीडमध्ये २०१९ मध्ये शासनाच्या समितीने ऊसतोड कामगार बायकांची पाहणी केली तेव्हा ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. वर्तमानपत्रांनी खाजगी डॉक्टरांवर लिहिलं, ते बरोबरच होतं. पण त्याआधी ती बाई आमच्याकडे अंगावर पांढरं जातंय म्हणून आली असती तर आम्ही काय केलं असतं? आतून तपासायला स्त्रीरोगतज्ज्ञ आठवड्यातून एकदा, रांगेत आधी गरोदर बायका, हिला कॅल्शियमच्या गोळ्या. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. तो अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. शंभरांतल्या ब्याण्णव जणींना स्त्रीरोग निघाले आणि याआधी कधी तपासणी झालेल्या फक्त आठ. त्याला तीन दशकं उलटून गेली. सरकारी दवाखान्यात बाईच्या पिशवीला किंमत तिच्यात बाळ असेपर्यंतच असते, हे गावातल्या बायका आम्हाला तोंडावर म्हणतात. मला कधी उत्तर देता आलं नाही.

शेवटचं. पुढच्या आढावा बैठकीला सादरीकरण मागवू नका. तुमच्या जिल्ह्यातल्या कोणत्याही एका ग्रामीण रुग्णालयाचं रेफर रजिस्टर मागवा. लांबट, निळ्या पुठ्ठ्याचं असतं. नाव, वय, गाव, कारण, वेळ, कुठे पाठवलं, नातेवाइकाचा मोबाइल, आणि सगळ्यात उजवीकडे ‘पुढे काय झालं’. तो शेवटचा रकाना पानोपान कोरा असेल. मागच्या महिन्यातली दहा नावं काढा आणि बैठकीतच, सगळ्यांसमोर, स्पीकरवर फोन लावा. बहुतेक ठिकाणी फोन बाईची आई उचलेल.

आपली,
एक निवृत्त परिचारिका